विद्यार्थीप्रणीत आंतरराष्ट्रीय विद्यापीठ सहकार्य

वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी स्वतः उभी केलेली आणि स्वतःच चालवलेली देवाणघेवाण. तिची ही ओळख सोलापूरच्या नजरेतून. विद्यापीठांच्या सामंजस्य करारांवर कुलगुरूंच्या सह्या असतात, फोटो निघतात आणि पुष्कळदा फाइल तिथेच थांबते. या देवाणघेवाणीत पाहुणा विद्यार्थी कुठे उतरेल, कोणत्या विभागात काम करील, स्टेशनवर त्याला घ्यायला कोण जाईल, हे सारे विद्यार्थीच ठरवतात. प्राध्यापकांची परवानगी लागते. धावपळ त्यांची नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कामाला संघटित रूप आले. १९४८ मध्ये ‘आयसेक’ ही विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि १९५१ मध्ये कोपनहेगन येथे वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. १९८५ मध्ये पॅरिसला सुरू झालेल्या ‘एजे’ या विद्यार्थी संघटनेने विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायला पाठवणाऱ्या युरोपीय ‘इरास्मस’ योजनेसाठी नेटाने पाठपुरावा केला. ती योजना १९८७ मध्ये मंजूर झाली.

वैद्यकीय देवाणघेवाणीचा हिशेब सरळ आहे. दोन देशांच्या संघटना आधी जागा ठरवतात. जितके जाणार तितके येणार. जाणारा विद्यार्थी शुल्क आपल्याच संघटनेकडे भरतो आणि त्यातून येणाऱ्याची सोय होते. त्यामुळे यजमान महाविद्यालयाला शिकवणी शुल्क द्यावे लागत नाही. मुक्काम साधारण चार आठवड्यांचा. राहणे आणि निदान एक वेळचे जेवण यजमानांकडे. (सोलापुरात ताटात शेंगाचटणी येणारच; पहिल्या दिवशी ती बेताने वाढलेली बरी.)

सोलापूरला परदेशी नात्याचा वारसा मोठा आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच. ते पथक काँग्रेसने पाठवले होते, त्यामुळे त्याला विद्यार्थी उपक्रम म्हणता येणार नाही. पण कोटणीस तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते, शिक्षण नुकतेच संपलेले. १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचे निधन झाले. आजही चिनी पाहुणे त्यांचे इथले स्मारक पाहायला येतात.

शिकण्यासारखे इथे बरेच आहे. शहरालगतच्या केगावला विद्यापीठाचा परिसर आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासूनचे. यंत्रमाग, चादर आणि टॉवेलचा धंदा शहरातच पाहता येतो. कोरडवाहू ज्वारीचा अभ्यास करणाऱ्याला मंगळवेढ्याची काळी रानेही जवळ पडतात.

अडचण येते ती वेळापत्रकाची. युरोपातल्या मुलांना जुलै-ऑगस्टमध्ये सुटी असते, तेव्हा आपल्याकडे तास भरात असतात. आपल्याला मे महिना मोकळा, तर तिकडे परीक्षा जवळ आलेल्या, आणि इथे पारा चाळिशीच्या वर. जानेवारीत हवा चांगली असते आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्राही भरते. पण तेव्हा पाहुण्याला चार आठवडे मोकळे मिळणे कठीण. ऑनलाइन प्रकल्पांत हा पेच बराच सुटतो. मध्य युरोप उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतो. आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची दुपार, तेव्हा दोघांनाही बोलायला सवड असते.

कागदपत्रे हे दुसरे काम, आणि नवी मुले चुकतात ती इथेच. परदेशी पाहुणा उतरल्यापासून चोवीस तासांत यजमानाने त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारकडे फॉर्म भरून कळवायची असते; २०२५ पर्यंत हा ‘सी फॉर्म’ होता. हॉस्टेल असो वा लॉज, सुटका नाही. व्हिसा कोणत्या प्रकारचा हवा, हे निमंत्रणपत्र पाठवण्याआधीच विचारून घ्यावे.

माझ्या मते हे सहकार्य पैशाअभावी क्वचितच बंद पडते; ते बंद पडते सूत्रे नीट न सोपवल्यामुळे. पदाधिकारी दरवर्षी बदलतात. जुना सचिव इंटर्नशिपच्या गडबडीत ईमेलचा पासवर्ड द्यायला विसरला, की परदेशातल्या समितीच्या पत्रांना उत्तर जात नाही आणि पुढच्या वर्षाची जागा दुसऱ्या शहराला मिळते. म्हणून जाणता गट दुसऱ्या वर्षाची दोन मुले आधीपासून सोबत घेतो, निदान एका पाहुण्याची सगळी व्यवस्था त्यांच्याकडून करून घेतो आणि विभागप्रमुखांशी त्यांची ओळख करून देतो.