हातात सुई, शेजारी माणूस

विणकाम करा, मन शांत होईल, असं सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि ते खोटंही नाही. ब्रिटनमधल्या अँग्लिया रस्किन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी ७,१८२ प्रौढांच्या उत्तरांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. वर्षभरात विणकाम, मातीकाम, सुतारकाम, चित्रकला असं काही केलेले लोक अधिक आनंदी आणि समाधानी होते. आपल्या जगण्याला काही अर्थ आहे, ही भावना तर हाताला नोकरी असण्यापेक्षाही हातात कला असण्याशी जास्त जोडलेली निघाली. (मुळात आनंदी असलेली माणसंच सुई उचलत असतील, ही शंका अशा पाहणीत उरतेच.) एकटेपणात मात्र या लोकांत आणि इतरांत म्हणावा असा फरक सापडला नाही.

मला यातला हा शेवटचा निष्कर्ष सगळ्यांत मोलाचा वाटतो. कलाकुसर घरात एकट्यानंही करता येते, आणि पुष्कळजण तशीच करतात. मन रमतं, पण नुसत्या लोकरीच्या गुंड्यानं माणसं जोडली जात नाहीत. त्यासाठी शेजारी कुणीतरी बसावं लागतं. साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. जे वारंवार विणतात त्यांनी जास्त शांत वाटतं असं सांगितलं. जे गटात विणतात त्यांनी त्याखेरीज आनंदाचा आणि वाढलेल्या ओळखींचा उल्लेख केला.

शेजारी बसण्यानं नेमकं काय होतं? विणणाऱ्यांचा घोळका जरा निरखून बघा. नवखी व्यक्ती गप्प असते, ओठांतल्या ओठांत टाके मोजत. तिचं सगळं लक्ष सुयांवर खर्च होतंय. मुरलेल्या हातांचं तसं नसतं. सुलट-उलट टाक्यांची लय सरावानं मेंदूच्या खोलवरच्या भागांकडे, बेसल गँग्लिया आणि लहान मेंदूकडे, बरीचशी सोपवली गेलेली असते. मग विचाराला आणि जिभेला मोकळीक मिळते. स्वेटरच्या गळ्याचे टाके घटवायची वेळ आली की तीच माणसं वाक्य अर्ध्यावर सोडून गप्प होतात, आणि त्याचा राग कुणाला येत नाही. साध्या बैठकीत अशी शांतता पसरली की अवघडल्यासारखं होतं. इथं हात चालू असल्यानं ती खपून जाते.

दुसरी गोष्ट नजरेची. डोळ्याला डोळा भिडवून बोलणं मेंदूला कष्टाचं असतं. अवघड प्रश्नाचं उत्तर शोधताना आपण आपसूक दुसरीकडे बघतो, ते त्यामुळेच. हातातल्या कामामुळे नजर खाली ठेवायला सबब मिळते आणि मनातलं बोलणं सोपं जातं. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या ‘मेन्स शेड’ चळवळीनं हेच हेरलं. प्रामुख्यानं निवृत्त पुरुष तिथं लाकूडकाम, दुरुस्तीकाम करायला जमतात. त्यांचं ब्रीदच आहे: पुरुष समोरासमोर बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात.

आणि हातातलं कसब पुस्तकात मावत नाही. ‘आपल्याला सांगता येतं त्याहून अधिक ठाऊक असतं,’ असं तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये लिहिलं. धागा बोटावर किती ताणायचा हे शब्दांत सांगून बघा! व्हिडिओ तुम्हाला हात दाखवतो, पण त्याला तुमचा हात दिसत नाही. चार ओळी खाली सुटलेला टाका शेजारचीच्या लक्षात येतो, ती न विचारता सुई हातात घेते, टाका वर उचलून आणते आणि विणकाम परत देते. अशी मदत घ्यायला संकोच वाटत नाही, म्हणून ती वारंवार घडते. माझ्या मते नवख्यांचा वेगळा वर्ग आणि जाणत्यांचा वेगळा, अशी विभागणी करणारे इथंच चुकतात.

हे सारं मुख्यतः हौसेनं करणाऱ्यांबद्दल आहे, हे मात्र ध्यानात असू द्यावं. नगावर मजुरी मिळवण्यासाठी दिवसभर मान मोडून टाके घालणाऱ्यांच्या हातातही तीच सुई असते. त्यांना वेग स्वतः ठरवता येत नाही, मध्येच थांबता येत नाही आणि मनगटाचं दुखणं तेवढं वाट्याला येतं.