चॉकलेटची वडी आणि चुकीची तुलना : मुरूम-आहार वादाची पार्श्वभूमी

‘खाण्यापिण्याचा आणि मुरमांचा काही संबंध नाही.’ विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत त्वचारोगांवरची बहुतेक पाठ्यपुस्तके हेच सांगत होती. डॉक्टर रुग्णाला तेच सांगायचे, आणि रुग्ण घरी जाऊन चेहऱ्याला मध, लिंबू, कोरफड, जे हाताला येईल ते लावायचा. आज त्याच विषयावरच्या लेखांत साखर, दूध आणि व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतले प्रथिन) यांना स्वतंत्र जागा असते. हे घूमजाव कसे झाले ते समजून घ्यायचे तर १९६९ सालच्या एका प्रयोगापाशी बराच वेळ थांबावे लागते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. मुरूम तारुण्यात येतात हे सगळ्या जुन्या वैद्यकांना ठाऊक होते. संस्कृत वैद्यकग्रंथांत ‘मुखदूषिका’ या नावाने त्यांचे वर्णन आहे. सावरीच्या काट्यांसारख्या दिसणाऱ्या, तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या पुळ्या, असे ते नेमके वर्णन. उपचारांत लेप आहेत आणि वमनही (औषधाने उलटी करवणे), म्हणजे चेहऱ्याचा आजार पोटाशी जोडण्याची खोड तेव्हापासूनची आहे. मुरमांसाठीचा इंग्रजी ‘अ‍ॅक्ने’ हा शब्द तर बहुधा लिहिण्यातल्या चुकीतून जन्मला. टोक किंवा ऐन भर या अर्थाचा ग्रीक ‘आक्मे’ हा शब्द सहाव्या शतकातल्या एका ग्रंथाच्या नकलेत बिघडला आणि तोच बिघडलेला शब्द पुढे रूढ झाला, असे मानले जाते. गंधक लावणे हा उपायही असाच जुना, आणि तो आजही काही मलमांत टिकून आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आहाराबद्दल शंका घेणे ही अगदी सरळ वैद्यकीय गोष्ट होती. चॉकलेट, गोड पदार्थ, तळलेले, फेसाळ पेये, कधी दूध आणि चीज, अशी मनाईची यादी मुरमांच्या रुग्णाला मिळायची. शरीर साखर नीट पचवू शकत नाही म्हणून त्वचा बिघडते, असे मानणारा एक गट होता आणि त्यातले काही जण मुरमांना ‘त्वचेचा मधुमेह’ म्हणत. यातले बरेचसे अनुभवावर आणि अंदाजावर चालले होते. नीट घेतलेली चाचणी जवळजवळ नव्हती. म्हणून कोणीतरी चाचणी घ्यायला हवी होती, ही गोष्ट खरीच.

ती १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. एकूण ६५ जण होते : मुरमांच्या दवाखान्यात येणारी ३० किशोरवयीन मुले-मुली आणि तुरुंगातले ३५ तरुण पुरुष. (कैद्यांवर असे प्रयोग करणे तेव्हा अमेरिकेत सर्रास चाले. त्याबद्दल पुढे जो गदारोळ झाला तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) प्रत्येकाने चार आठवडे रोज एक चॉकलेटची वडी खायची आणि दुसरे चार आठवडे तशीच दिसणारी, पण चॉकलेट नसलेली वडी. खऱ्या वडीत नेहमीच्या चॉकलेटपेक्षा दहापट कोकोआ घातलेला होता. मुरमांची संख्या ३० टक्क्यांहून अधिक वाढली तरच ‘बिघडले’ म्हणायचे आणि तितकीच घटली तर ‘सुधारले’. चॉकलेटच्या काळात ४६ जण होते तसेच राहिले, १० सुधारले, ९ बिघडले. दुसऱ्या वडीचे आकडेही फार वेगळे नव्हते. चॉकलेटमुळे मुरमांवर किंवा त्वचेतून स्रवणाऱ्या तेलावर लक्षणीय परिणाम होत नाही, असा निष्कर्ष निघाला.

आता मेख कुठे आहे ती पाहा. ती दुसरी वडी, जिच्याशी तुलना केली, तिच्यात साखर जवळपास तितकीच होती. कोकोआ बटरऐवजी वनस्पती तेलापासून बनवलेली चरबी होती, तीही त्याच प्रमाणात. म्हणजे प्रयोगाने विचारलेला प्रश्न एवढाच होता की साखर आणि चरबी कायम ठेवून वर कोकोआ वाढवला तर फरक पडतो का. उत्तर आले, पडत नाही. दोन्ही वड्या सारख्याच वाईट असत्या तरीही उत्तर हेच आले असते! गोडाने मुरूम वाढतात का, हा लोकांचा खरा प्रश्न तिथे कोणी विचारलाच नव्हता.

बाकीच्या त्रुटी यापुढे किरकोळ वाटतात, पण त्याही लहान नाहीत. मुरमाची सुरुवात रोमछिद्र आतून बंद होण्याने होते आणि ते वर दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे चार आठवड्यांचा काळ अपुरा. ३० टक्क्यांची रेघ इतकी जाड की तिच्या आतला २०-२५ टक्क्यांचा बदल ‘जैसे थे’ मध्ये जमा व्हायचा. माणसे एरवी काय खात होती यावर फारसा ताबा नव्हता. आणि चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचे या कामाला साहाय्य होते. या शेवटच्या मुद्द्यावरून कारस्थानाच्या गोष्टी रचल्या जातात. मला त्याची गरज वाटत नाही. संशोधकांनी आपला निष्कर्ष चॉकलेटपुरताच लिहिला होता. ‘चॉकलेटने नाही’ याचे ‘कशानेच नाही’ हे रूपांतर नंतर पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी केले, आणि ते करताना मूळ पेपरातली वडीची रचना किती जणांनी पाहिली असेल याची शंका येते.

दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, आणखी एक छोटा प्रयोग झाला. वैद्यकीय शाखेच्या २७ विद्यार्थ्यांना त्यांचा संशय असलेला पदार्थ आठवडाभर खायला दिला : चॉकलेट, दूध, शेंगदाणे किंवा कोला. फरक दिसला नाही. आठवडाभरात दिसणारही नव्हता. तरी या दोन पेपरांच्या आधारावर प्रश्न मिटला असे ठरले.

तो मिटवण्याची सोयही होती, कारण त्याच सुमारास औषधे हाताशी आली. प्रतिजैविके आधीपासून होती, १९७१ मध्ये ट्रेटिनॉइन मलमाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि १९८२ मध्ये आयसोट्रेटिनॉइनच्या गोळीला. गोळीने चेहरा स्वच्छ होत असेल तर ताटात काय आहे हे विचारण्यात कोणाला रस? आहार हा विषय दवाखान्यातून बाहेर पडला आणि घरगुती उपायांच्या हवाली झाला. तिथे चाचणी घेणारे कोणी नव्हते. मुरमांवरच्या नैसर्गिक उपायांत आज जो गोंधळ आहे त्याचे एक मूळ मला इथे दिसते.

प्रश्न पुन्हा उघडला २००२ मध्ये. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर १२०० जणांची तपासणी झाली, त्यांत १५ ते २५ वयाचे ३०० होते. एकालाही मुरूम नव्हता. पराग्वेतल्या आचे जमातीच्या ११५ जणांतही तसेच. दोन्हीकडे कारखान्यात बनलेले खाणे जवळजवळ नव्हते. आनुवंशिकतेचा आक्षेप लगेच आला आणि तो रास्तही आहे, पण शून्य हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

मग दुधाची पाळी. २००५ मध्ये ४७,३५५ परिचारिकांना त्यांचा शालेय वयातला आहार आठवायला सांगितला, तेव्हा जास्त दूध पिणाऱ्यांत मुरमांचे प्रमाण जास्त दिसले. गंमत अशी की साय काढलेल्या दुधाचा संबंध अधिक ठळक होता, म्हणजे दोष चरबीचा नसावा. कित्येक वर्षांपूर्वी काय खाल्ले-प्यायलो ही आठवण किती भरवशाची, हा प्रश्न राहतोच. पुढे मुलामुलींच्या चालू आहारावरही अभ्यास झाले आणि दुधाचा दुवा तिथेही दिसला, पण दुवा म्हणजे कारण नव्हे.

साखरेबाबत मात्र प्रत्यक्ष चाचणी झाली. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांचे दोन गट केले. एका गटाला १२ आठवडे रक्तातली साखर हळू वाढवणारा, प्रथिने जास्त असलेला आहार दिला. त्यांचे मुरूम सरासरी २३.५ ने घटले, दुसऱ्या गटाचे १२ ने. पहिल्या गटाचे वजनही उतरले होते, त्यामुळे फरक आहाराचा की वजनाचा यावर वाद झाला आणि तो पुरता मिटलेला नाही. तरी माझ्या मते १९६९ मध्ये विचारायला हवा होता तो प्रश्न इथे पहिल्यांदा नीट विचारला गेला.

कार्यकारणाची साखळीही आता बऱ्यापैकी जुळते. रक्तात साखर झपाट्याने वाढली की इन्सुलिन वाढते, त्यापाठोपाठ इन्सुलिनसारखा वाढघटक वाढतो, तो तैलग्रंथींना आणि रोमछिद्राच्या अस्तरातल्या पेशींना चालना देतो. दुधातला व्हे इन्सुलिन वाढवतो हेही माहीत आहे. ज्यांच्या शरीरात हा वाढघटक जन्मतः फारच कमी असतो अशा दुर्मीळ आजाराच्या लोकांत मुरूम क्वचितच दिसतात.

लावायच्या उपायांचा इतिहास यापेक्षा विस्कळीत. त्यातला सर्वांत नीट तपासलेला उपाय म्हणजे टी ट्री तेल, एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांतून काढलेले. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर ५ टक्के तेलाचे जेल आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड (मुरमांवर लावायचे नेहमीचे औषध) यांची तुलना झाली. दोन्हींनी गुण आला. तेलाला वेळ जास्त लागला, पण त्याने होणारा कोरडेपणा आणि आग तुलनेने कमी होती. या चाचणीचा हवाला देत लोक बाटलीतले शुद्ध तेल थेट चेहऱ्याला लावतात, हे त्या ५ टक्क्यांवर अन्यायच आहे. शिवाय हवा लागून जुने झालेले तेल अ‍ॅलर्जी आणते. मधाचे नशीब तितके चांगले नाही : न्यूझीलंडमध्ये १३६ जणांवर १२ आठवडे झालेल्या चाचणीत जंतुनाशक साबणाला मधाची जोड देऊन जास्तीचा फायदा दिसला नाही.

लिंबू आणि खाण्याचा सोडा ही जोडी तर उलटसुलट टोकांची. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो आणि हे आवरण महत्त्वाचे आहे, असे १९२८ पासून लिहिले जात आहे. लिंबाचा रस त्याहून कितीतरी आम्ल, सोडा अल्कधर्मी. एकाने जळजळ, दुसऱ्याने कोरडेपणा. लिंबूवर्गीय फळांचा रस लावून उन्हात गेल्यास फोड आणि काळे डागही येऊ शकतात.

‘नैसर्गिक’ या शब्दाबद्दल तर न बोललेलेच बरे. सॅलिसिलिक आम्लाचे नाव विलो झाडावरून आले, पण आजच्या फेसवॉशमधले ते आम्ल कारखान्यात बनते आणि तिथे कोणी त्याला नैसर्गिक म्हणत नाही. कोणते तेल रोमछिद्रे बंद करते याच्या ० ते ५ गुणांच्या याद्या फिरतात, त्यांचा उगम सशाच्या कानात आहे. कारखान्यातली रसायने सशाच्या कानाला लावून पाहण्याची १९४१ मधली ती चाचणी पुढे सौंदर्यप्रसाधनांना लावली गेली. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा फारच चटकन प्रतिक्रिया देतो. त्या याद्यांत कोकोआ बटरला ४ गुण आहेत.

कोकोआची सुटका इतक्यात होणार नव्हतीच. २०१४ मध्ये मुरमांचा पूर्वेतिहास असलेल्या १४ पुरुषांना बिनसाखरेच्या कोकोआच्या कॅप्सूल दिल्या गेल्या आणि आठवड्याभरातच त्यांचे मुरूम वाढलेले आढळले. साखरेवर सगळा ठपका ठेवणाऱ्यांना, त्यात मीही आलो, हा निकाल अडचणीचा आहे. चौदा माणसांवरून काही ठरत नाही असे म्हणून मी तो बाजूला सारू शकतो, पण मग २७ विद्यार्थ्यांना हसायचा हक्क मला उरत नाही.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने मुरमांवरची मार्गदर्शक तत्त्वे नव्याने काढली. शिफारस करण्याइतका पुरावा नाही अशा गोष्टींत कमी साखरभाराचा, म्हणजे रक्तातली साखर हळू वाढवणारा आहार आहे, दूध आणि व्हे कमी करणे आहे, टी ट्री तेल आहे. आणि पंचावन्न वर्षांपूर्वी ज्याचा निकाल लागला असे सगळे धरून चालले होते, ते चॉकलेटही.