‘बेनितो’ हे नाव मुळात इटालियन नव्हेच
बेनितो हे अस्सल इटालियन नाव आहे, हा मुसोलिनीमुळे रूढ झालेला समज चुकीचा आहे. ‘आशीर्वाद लाभलेला’ या अर्थाच्या ‘बेनेदिक्तुस’ या लॅटिन नावाचे इटालियन रूप बेनेदेत्तो. बेनितो हे स्पॅनिश. प्रेदाप्पिओजवळच्या दोव्हिया गावातील समाजवादी लोहार आलेस्सांद्रो मुसोलिनी यांनी १८८३ मध्ये मेक्सिकोचे माजी राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेझ यांच्यावरून मुलाचे नाव ठेवले. आमिल्कारे आणि आंद्रेआ ही त्याची पुढची दोन नावेही चिप्रियानी आणि कोस्ता या डाव्या पुढाऱ्यांचीच होती. परकीय सम्राटाशी झुंजलेल्या हुआरेझ या प्रजासत्ताकवाद्याचे नाव हुकूमशहाला मिळावे, हा योगायोग विलक्षणच! फॅसिस्ट राजवटीत या नावाची चलती होती. १९४५ नंतर मात्र ते मागे पडले आणि आज इटलीत बारशाला क्वचितच निवडले जाते.