महाकाय राक्षसपटांच्या रेडिओ जाहिराती

अजस्र प्राणी शहरावर चालून येतो, अशा चित्रपटांसाठी मुख्यतः १९५० ते १९७० च्या दशकांत अमेरिकेत तयार झालेल्या छोट्या ध्वनिजाहिराती. चित्रपट व्यवसायात त्यांना ‘रेडिओ स्पॉट’ म्हणत. त्या बहुधा ६०, ३०, २० किंवा १० सेकंदांच्या असत.

या चित्रपटांत सहसा मोठे नट नसत, त्यामुळे पोस्टरवरचे खरे नाव राक्षसाचेच असे. वितरक एखाद्या भागातल्या अनेक चित्रगृहांत चित्रपट एकाच वेळी लावत आणि त्याआधीचे काही दिवस तिथली रेडिओ केंद्रे जाहिरातींनी भरून टाकत. लोकांमध्ये बरे-वाईट बोलले जाण्याआधीच गल्ला जमवायचा, हा त्यामागचा हिशेब होता. रेडिओही तेव्हा बदलत होता. नाट्यमालिका दूरचित्रवाणीकडे जाऊ लागल्या आणि रेडिओवर गाण्यांच्या तबकड्या वाजवणारे निवेदक आले. १९५४ मध्ये खिशात मावणारा ट्रान्झिस्टर बाजारात आला, मोटारींमध्येही रेडिओ होताच. मोटारीत बसूनच चित्रपट पाहायच्या ‘ड्राइव्ह-इन’ चित्रगृहांकडे वळणारा तरुण श्रोता आयताच सापडला.

या पद्धतीचा पाया १९३३ च्या ‘किंग काँग’ने घातला, पण तो १९५२ साली पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा. आरकेओ कंपनीच्या या प्रदर्शनासाठी रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर जोरदार मोहीम झाली आणि जुन्या चित्रपटाने भरपूर कमाई केली. ते पाहून १९५३ मध्ये ‘द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउजंड फॅदम्स’ आला. सुमारे २ लाख डॉलरमध्ये बनलेला हा चित्रपट वॉर्नर ब्रदर्सने त्याच्या दुपटीच्या घरात विकत घेतला आणि तसाच गाजावाजा करून विकला. १९५६ मध्ये वितरक जोसेफ ई. लेव्हीन यांनी जपानी ‘गोजिरा’ची (म्हणजे गॉडझिलाची) अमेरिकी आवृत्ती अशाच धडाक्याने लोकांपुढे आणली. तिच्यात रेमंड बर या नटाने रंगवलेला वार्ताहर टोकियोच्या विध्वंसाचे वर्णन टेपरेकॉर्डरमध्ये बोलून ठेवतो. हे दृश्य जणू रेडिओसाठीच लिहिलेले वाटते.

जपानमध्ये तर गोजिरा आधी रेडिओवरच अवतरला. निप्पॉन होसो या केंद्रावरून १७ जुलै ते २५ सप्टेंबर १९५४ या काळात दर शनिवारी त्याचे ११ भागांचे श्रुतिनाट्य झाले. चित्रपट लागला ३ नोव्हेंबरला. त्याची डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेतून आली: डबल बेस या भल्यामोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासायचा आणि तो आवाज मंद गतीने वाजवायचा.

रेडिओ जाहिरातीचे बळ या डरकाळीतच आहे. पडद्यावर रबरी पोशाखातला माणूस कधीकधी ओळखू येई, कानांना मात्र तो धोका नव्हता. घोगरा, चढत जाणारा आवाज, सायरन, किंकाळ्या, कोसळणाऱ्या इमारती आणि मध्येच बातमीपत्रासारखी तातडीची घोषणा एवढ्यावर राक्षसाची उंची ठरे, आणि ती ठरवणारा ऐकणाराच असे. म्हणूनच यांतल्या कित्येक जाहिराती मूळ चित्रपटांपेक्षा जास्त भेदरवतात.

स्पॉट तबकडीवर मुद्रित करून केंद्रांकडे पाठवत. एकाच तबकडीवर वेगवेगळ्या लांबीच्या अनेक जाहिराती लागोपाठ असत आणि निवेदक हवी तिथे सुई ठेवी. ज्यांना तबकडी नको असे, त्यांच्यासाठी वाचून दाखवायचा छापील मजकूर वितरकाच्या प्रचारपुस्तिकेत मिळे. वापरून झालेली तबकडी जपून ठेवण्याचे कारण कुणालाच नव्हते, त्यामुळे बऱ्याच नाहीशा झाल्या. उरलेल्या आज संग्राहकांकडे आहेत, काही चित्रपटांच्या डीव्हीडींवर पुरवणी म्हणून आल्या आहेत. त्या ऐकताना शेवटची काही सेकंदे नुसतेच संगीत वाजते आणि कुणी बोलत नाही. गावातल्या चित्रगृहाचे नाव आणि खेळाची वेळ स्थानिक निवेदकाने स्वतःच्या आवाजात सांगावी म्हणून ती जागा मोकळी सोडलेली असे.