माइदानेत्स्के: शेताखालची भाजलेली घरं

'जगातलं पहिलं शहर युक्रेनमध्ये सापडलं' असा मेसेज पुन्हा फिरतो आहे. त्यातलं माइदानेत्स्के हे चेर्कासी प्रांतातलं, ताल्यांका नावाच्या लहानशा नदीकाठचं खेडं. भोवती सपाट काळी जमीन, गहू, मका, सूर्यफूल. ना पडका बुरूज, ना पांढरीचं टेकाड. 1960च्या दशकात शिश्किन या लष्करी नकाशातज्ज्ञाला विमानातून काढलेल्या फोटोंत इथल्या नांगरलेल्या शेतांवर लंबवर्तुळाकार फिकट पट्टे दिसले. 1971पासून भूभौतिकतज्ज्ञ दुद्किन यांनी तिथं चुंबकत्व मोजलं आणि कुदळ न मारता घरांच्या रांगाच्या रांगा कागदावर उमटल्या. एकात एक गुंफलेली वलयं, मधोमध मोकळी जागा. पसारा सुमारे 200 हेक्टरांचा, वय साधारण पावणेसहा हजार वर्षं.

हे कसं जमलं, तेच मला सांगायचं आहे.

ही घरं कुडाची होती. लाकडी सांगाड्यावर भुसा कालवलेल्या मातीचं लिंपण. त्यातली बहुतेक जळाली, काही तर इतकी की माती वितळून तिचं किट्ट झालं. मातीत लोहाची खनिजं असतातच. आगीत त्यातल्या काहींचं मॅग्नेटाइट होतं, म्हणजे मुळात चुंबकीय खनिज वाढतं. पण खरी गंमत थंड होताना घडते. मॅग्नेटाइट 580 अंशांच्या वर तापलं की त्यातल्या अणूंची चुंबकीय शिस्त मोडते. निवताना ती परत बसते, आणि बसताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला किंचित झुकते. पुढे तापमान उतरलं की तो झुकाव कणांत गोठून जातो. घराची राख वाऱ्यावर गेली, वर माती चढली, नांगर फिरले, तरी जागेवर पडून राहिलेल्या भाजलेल्या ढेकळांत त्या दिवसाची उत्तर दिशा टिकून आहे. वीटभट्टीतल्या प्रत्येक विटेतही हेच होतं.

तिथं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे 50,000 नॅनोटेस्ला (हे ते मोजायचं एकक). जळक्या घरावर त्यात पडणारा फरक काही दहा नॅनोटेस्लांचा. तो दिसतो, कारण खालची जमीन लोएसची, म्हणजे वाऱ्यानं आणून टाकलेल्या बारीक मातीची, आणि चुंबकीयदृष्ट्या बरीच शांत आहे. आपली काळी माती बेसॉल्टची लेक. बेसॉल्टचं स्वतःचंच चुंबकत्व जोरकस, त्यामुळे दख्खनमध्ये अशी मोजणी कितीतरी अवघड जाते.

तळहातावर नारळ उभा करून पाणी दाखवणाऱ्यांना अजूनही पैसे मिळतात, म्हणून एक सांगतो: मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकत्व मोजायचं यंत्र, कुणीही हातात धरला तरी त्याच जागी तोच आकडा येतो, आणि खणलं की खाली घर निघतं.

आता 'शहर' या शब्दाबद्दल. माइदानेत्स्के आणि शेजारचं त्याहून मोठं ताल्यांकी ही त्रिपिल्या संस्कृतीची गावं. कीव्हच्या दक्षिणेला द्निप्रोकाठी त्रिपिल्या नावाचं खेडं आहे, तिथं पुरातत्त्वज्ञ ख्वोय्का यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या उत्खननावरून हे नाव पडलं. या वस्त्यांत राजवाडा सापडलेला नाही, लिपीही नाही. वलयांमधल्या रस्त्यांवर काही मोठ्या सामाईक इमारती मात्र आहेत. सगळी घरं एकाच वेळी नांदती होती की पिढ्यापिढ्यांनी एकामागून एक उभी राहिली, यावर लोकसंख्येचा अंदाज काही हजारांनी वरखाली होतो. घरं का जळली यावरही वाद आहे. संशोधकांनी तशी घरं बांधून पेटवून पाहिली, तेव्हा माती इतकी भाजायला भिंतींतलं लाकूड पुरत नाही, बाहेरून भरपूर सरपण रचावं लागतं, असं दिसलं.