सिरॅमिकची प्रावस्था ठरवणारा भट्टीतील वायू : पार्श्वभूमी

सिरॅमिक पदार्थ किती अंशांना भाजला की त्याची कोणती प्रावस्था (म्हणजे ठरावीक घडणीचे एकजिनसी रूप) मिळते, हे सांगणारे आलेख प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतात. त्यांतील बहुतेकांच्या एका अक्षावर घटकांचे प्रमाण आणि दुसऱ्या अक्षावर तापमान असते; भट्टीत कोणता वायू होता आणि त्याचा दाब किती होता, याचा उल्लेख असलाच तर तळटिपेत. वायूला असे दुय्यम स्थान का मिळाले आणि ते हळूहळू का बदलावे लागले, याचा इतिहास सुमारे दोनशे वर्षांचा आहे.

या विषयातील पहिले नेटके प्रयोग भूगर्भशास्त्राच्या एका वादातून निघाले. पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने चुनखडीचा संगमरवर होतो, असे भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स हटन यांचे म्हणणे होते. त्यावर विरोधकांचा आक्षेप असा, की चुनखडी तापवली की तिच्यातून वायू निघून जातो आणि मागे चुना उरतो, मग संगमरवर कसा होणार? एडिंबरोच्या सर जेम्स हॉल यांनी 1798 पासून पुढील काही वर्षे खडूची भुकटी बंदुकीच्या लोखंडी नळ्यांत कोंडून तापवली. काही नळ्या फुटल्या, काहींतून वायू गळाला. पण ज्या टिकल्या त्यांतील खडूचा चुना न होता तो स्फटिकमय, संगमरवरासारखा झालेला आढळला. तापमान तेच, पदार्थ तोच, केवळ कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडू दिले नाही, एवढाच फरक.

हॉल यांना जे गुणात्मक दिसले, त्याला 1867 मध्ये आंरी दब्रे यांनी आकड्यांत बसवले. प्रत्येक तापमानाला कॅल्साइटवर (चुनखडीतील मुख्य खनिजावर) कार्बन डायऑक्साइडचा एक ठरावीक दाब असतो आणि तो कॅल्साइट किती उरले, चुना किती झाला, यावर अवलंबून नसतो, असे त्यांनी दाखवले. हा दाब एक वातावरण होण्यासाठी सुमारे 900 अंश सेल्सिअस लागतात. मात्र मोकळ्या हवेत या वायूचे प्रमाण इतके अल्प असते, की समतोलाच्या हिशेबाने कॅल्साइट त्याहून तीनशेहून अधिक अंश खालीच अस्थिर ठरते. म्हणजे ‘विघटनाचे तापमान’ हा पदार्थाचा स्वतंत्र गुणधर्म नव्हेच. दाब सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

याची सैद्धांतिक बैठक जोसाया विलार्ड गिब्ज यांच्या 1876 ते 1878 दरम्यान प्रसिद्ध झालेल्या लेखनाने घातली. त्यांच्या प्रावस्था नियमात तापमान आणि दाब हे दोन्ही चल बरोबरीने येतात. परंतु हा नियम सिरॅमिकच्या कामात वापरू लागल्यावर एक सोय म्हणून दाब वगळण्यात आला. घन आणि द्रव प्रावस्थांवर एक वातावरणाऐवजी दोन वातावरणे दाब पडला, तर त्यांच्या स्थैर्यात मोजता येईल इतकाही फरक पडत नाही, तेव्हा तो चल धरायचाच कशाला, असा हा युक्तिवाद होता. सिलिका, ॲल्युमिना, चुना यांच्यापुरता तो बहुतांशी खराही आहे. गफलत एवढीच, की ‘दाब’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी वावरत होत्या. पदार्थाला दाबणारे यांत्रिक बल ही एक. दुसरी गोष्ट म्हणजे पदार्थाशी ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइडची देवघेव करणाऱ्या वायूचा आंशिक दाब, म्हणजे वायूंच्या मिश्रणात त्या एकट्याच्या वाट्याचा दाब. पहिल्याचा परिणाम दिसायला बहुधा हजारो वातावरणे लागतात. दुसरा मात्र खुद्द पदार्थाची घडण ठरवत असल्याने तो एका वातावरणाच्या अब्जांश भागाइतका असला तरी निर्णायक ठरू शकतो.

ही उणीव सर्वांत आधी जाणवली ती लोखंडाच्या ऑक्साइडांत. वॉशिंग्टनच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत नॉर्मन बोवेन आणि फ्रँक शेअरर यांनी 1932 मध्ये आयर्न ऑक्साइड आणि सिलिका यांच्या मिश्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी मूसच लोखंडाची घेतली. धातुरूप लोखंडाच्या सान्निध्यामुळे ऑक्सिजनची पातळी आपोआप बांधली गेली. 1945-46 मध्ये लॉरेन्स डार्कन आणि रॉबर्ट गरी यांनी लोह-ऑक्सिजन प्रणालीचाच तपशीलवार नकाशा तयार केला. येथे त्यांची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. ऑक्सिजनचा अत्यल्प दाब पंपाने हवा उपसून नेमका राखता येत नाही. त्याऐवजी कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड ठरावीक प्रमाणात मिसळून भट्टीतून वाहते ठेवले, की त्या दोघांतील समतोलच ऑक्सिजनचा दाब ठरवतो. हे दोन वायू समप्रमाणात असतील, तर 1000 अंशांना हा दाब एका वातावरणाच्या साधारण शंभर लाख कोटीव्या भागाइतका भरतो, आणि मिश्रणाचे प्रमाण बदलून तो हवा तसा वरखाली करता येतो. या नकाशानुसार हेमॅटाइट हे लोखंडाचे ऑक्साइड हवेत सुमारे 1390 अंशांना ऑक्सिजन सोडून मॅग्नेटाइट (कमी ऑक्सिजनचे ऑक्साइड) होते, तर एक वातावरण शुद्ध ऑक्सिजनमध्ये 1450 अंशांपर्यंत तग धरते.

त्याच सुमारास, 1944 मध्ये, हॅरल्ड एलिंगहॅम यांनी निरनिराळ्या ऑक्साइडांची मुक्त ऊर्जा (ते किती स्थिर आहे हे सांगणारी राशी) तापमानाच्या तुलनेत एकाच आलेखावर मांडली. 1948 मध्ये रिचर्डसन आणि जेफ्स यांनी त्याच्या कडेला ऑक्सिजनच्या दाबाची मोजपट्टी जोडली. माझ्या मते त्या काळातील सर्वांत उपयुक्त भर हीच, कारण कोणते ऑक्साइड कोणत्या वातावरणात टिकेल, हे तेव्हापासून कारखान्यातला माणूसही पट्टी ठेवून पाहू शकला. ऑक्सिजनचा दाब मोजण्याची सोय 1957 नंतर वाढली. त्या वर्षी किउकोला आणि कार्ल वाग्नर यांनी चुना मिसळलेल्या झिर्कोनियाचा विद्युत्‌घट वापरून ऊष्मागतिकी मोजमापे प्रसिद्ध केली. मोटारींच्या धुरातील ऑक्सिजन मोजणारे संवेदक पुढे याच तत्त्वावर तयार झाले.

उद्योगाला हे सगळे प्रथम नडले ते फेराइटमध्ये, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडापासून बनणाऱ्या चुंबकीय सिरॅमिकमध्ये. मँगेनीज-झिंक फेराइट भाजताना स्पिनेल ही प्रावस्था मिळते, पण तीच हवेत थंड होऊ दिली तर ऑक्सिजन शोषला जाऊन हेमॅटाइट वेगळे पडते आणि चुंबकीय गुण बिघडतात. म्हणून तापमान उतरेल तसा ऑक्सिजनही उतरवत न्यावा लागतो. 1961 मध्ये ब्लँक यांनी दाखवले, की ऑक्सिजनच्या दाबाचा लॉगरिदम आणि निरपेक्ष तापमानाचा व्यस्त यांच्यात सरळ रेषेचा संबंध ठेवला, तर पदार्थाचे ऑक्सिजन-प्रमाण थंड होतानाही स्थिर राहते. भट्टीच्या वेळापत्रकात वायूचा स्वतंत्र रकाना आला तो यामुळे.

सिलिकॉन नायट्राइडची कथा थोडी वेगळी आहे. त्याचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार. अल्फामध्ये थोडा ऑक्सिजन असतोच आणि म्हणून दोहोंपैकी कोणता टिकेल हे ऑक्सिजनच्या दाबावर ठरते, असे मत 1960 च्या दशकाच्या अखेरीस केनेथ जॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले होते. पुढे ऑक्सिजन जवळजवळ नसलेले अल्फाही तयार झाले आणि ते मत मागे पडले. वायूचे महत्त्व पटल्यावर प्रत्येक कोड्याचे उत्तर वायूतच शोधण्याचा मोह होतो, त्याचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल. नायट्रोजनचा प्रश्न मात्र खरा होता. एक वातावरण नायट्रोजनमध्ये हे नायट्राइड सुमारे 1880 अंशांना सिलिकॉन आणि नायट्रोजन यांत फुटते, आणि कणांचा घट्ट पिंड बनवायला जवळपास तेवढेच तापमान लागते. जपानमध्ये मितोमो यांनी 1976 मध्ये दहा वातावरणे नायट्रोजनखाली सिंटरिंग (भुकटी भाजून तिचे कण घट्ट जोडणे) करून वजनातील घट रोखली. दाब दसपट केल्याने विघटनाची मर्यादा सुमारे दोनशे अंशांनी वर सरकते. यातही एक मेख आहे. सुरुवातीपासूनच दाब चढवला, तर तो वायू बंद होणाऱ्या छिद्रांत अडकतो आणि पुढची घट्टता रोखतो. त्यामुळे आधी कमी दाबाखाली छिद्रे बंद होऊ द्यायची आणि नंतर दाब वाढवायचा, अशी दोन टप्प्यांची पद्धत रूढ झाली.

1987 मध्ये सापडलेल्या यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड या अतिवाहकाने (अतिथंड केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या पदार्थाने) हा विषय पुन्हा सगळ्यांसमोर आणला. सुमारे 92 केल्विनला अतिवाहक होणारी त्याची लंबकोनी प्रावस्था ऑक्सिजन भरपूर असतानाच मिळते. ऑक्सिजन गमावलेली चतुष्कोनी प्रावस्था अतिवाहक नसते. एक वातावरण ऑक्सिजनमध्ये एका प्रावस्थेचे दुसरीत रूपांतर 700 अंशांच्या आसपास होते, तर ऑक्सिजन दोन टक्क्यांवर आणला की ते 620 अंशांच्या जवळ येते. म्हणून हा पदार्थ नऊशेच्या वर भाजल्यावर ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश थंड करतात आणि 400 ते 500 अंशांना बराच वेळ ठेवतात. समतोलाचा आलेख येथे कोणती प्रावस्था हवी ते सांगतो, पण किती वेळ थांबावे हे सांगत नाही: पिंड जितका घट्ट, तितका ऑक्सिजन आत शिरायला वेळ अधिक, आणि घाई केली तर बाहेरचा थर अतिवाहक व गाभा तसाच, असा तुकडा हाती येतो.