जारच्या सुरांत वारा कुठून येतो?

‘त्यात काय, बटण दाबलं की मशीनच वाजवतं!’ इलेक्ट्रॉनिक संगीताबद्दल हे वाक्य चांगल्या वाजवणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकू येतं, आणि दर वेळी मला फ्रेंच संगीतकार ज्याँ-मिशेल जारचं पॅरिसमधलं स्वयंपाकघर सांगावंसं वाटतं. तिथेच, घरच्या घरी, १९७६ साली त्याने ‘ऑक्सिजेन’ हा अल्बम आठ ट्रॅकच्या टेपवर मुद्रित केला. कॉम्प्युटर नव्हता. वाद्यं एकमेकांना जोडणारं मिडी यायला अजून सात वर्षं होती. एक थर हाताने वाजवायचा, टेप मागे घ्यायची, त्यावर दुसरा चढवायचा. तालासाठी कॉर्ग मिनीपॉप्स नावाची पेटी होती, ठरावीक तालांची बटणं असलेली. जारने त्यातली दोन एकदम दाबली आणि स्वतःचा ताल मिळवला.

जन्म १९४८चा, लियाँचा. वडील मोरीस जार सिनेसंगीतातलं मोठं नाव. तीन ऑस्कर, त्यातलं एक ‘अ पॅसेज टू इंडिया’चं. पण मुलगा पाच वर्षांचा असताना ते अमेरिकेला गेले. वाढवलं ते आईने. नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात पकडली गेलेली आणि छळछावणीतून जिवंत परतलेली ही बाई. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस तो पिएर शेफर यांच्या संशोधन गटात शिरला. आगगाड्यांचे आवाज टेपवर घेऊन त्यातून रचना करणारे ते हेच शेफर. सूर आणि खडखडाट यांत उच्चनीच मानायचं नाही, हे जार तिथे शिकला.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. ‘ऑक्सिजेन’मध्ये मागे सतत एक तंतुवाद्यांसारखा आवाज तरंगत असतो, वारा सुटल्यासारखा. तो येतो एमिनंट ३१० या डच ऑर्गनमधून, आणि त्यातला वारा येतो स्मॉल स्टोन नावाच्या, आवाज बदलणाऱ्या तळहाताएवढ्या पेडलमधून. या प्रकाराला फेजर म्हणतात.

शाळेत शिकलेलं आठवा: एका तरंगाचं शृंग दुसऱ्याच्या गर्तावर आलं की दोन्ही एकमेकांना खोडतात. घरी पडताळायचं असेल तर दोन स्पीकर शेजारी ठेवा आणि एकाच्याच लाल-काळ्या वायरी उलट जोडा. खर्जातला दम एकदम निघून जातो. गाणं तेच, पण पोकळ.

फेजर हेच करतो, पण निवडून. येणाऱ्या आवाजाचे तो दोन भाग करतो. एक जसाच्या तसा पुढे जातो, दुसरा चार टप्प्यांतून. प्रत्येक टप्पा आवाज लहान-मोठा करत नाही, फक्त तरंगाला मागे सरकवतो, आणि किती सरकवायचं ते वारंवारतेवर ठरतं. खर्जाला जवळजवळ शून्य अंश, मधल्या एका वारंवारतेला ९०, फार वरच्या सुरांना १८० पर्यंत. शेवटी दोन्ही भाग पुन्हा एकत्र. जिथे चारही टप्प्यांची बेरीज १८० किंवा ५४० अंश भरते, तिथे शृंगावर गर्त येतं आणि त्या जागी आवाजाला खाच पडते. चार टप्पे, म्हणून खाचा दोन. मधली वारंवारता १००० हर्ट्झ धरली तर खाचा पडतात सुमारे ४१४ आणि २४१४ हर्ट्झवर. (टप्प्याचा कोन म्हणजे व्यस्त टॅन्जंटची दुप्पट; २२.५ आणि ६७.५ अंशांचे टॅन्जंट काढले की हे आकडे मिळतात.)

समजा १०० हर्ट्झचा सूर वाजतोय. त्याच्यासोबत २००, ३००, ४०० असे उपस्वर असतातच. मघाच्या दोन खाचांमुळे त्यातला चौथा आणि चोविसावा (मूळ सूर पहिला धरून) दबतो. आता पेडलमधला एक अतिमंद दोलक, म्हणजे सावकाश वर-खाली होणारा विद्युतसंकेत, ती मधली वारंवारता हळूहळू वर नेतो आणि खाली आणतो. खाचाही सरकतात: चौथा परत येतो, पाचवा दबतो, मग सहावा. बोट त्याच पट्टीवर, सूर तोच, पण आतून काहीतरी वाहत जातं. म्हणून फेजरला उपस्वरांनी भरलेला आवाज लागतो. शुद्ध साइन तरंग दिला तर तो नुसता लहान-मोठा होतो. जारने तंतुवाद्यांचा आवाज निवडला, हा कानाचा निर्णय होता. मशीनने घेतलेला नव्हे.

इंटरनेटवर याच संगीताखाली हल्ली ‘४३२ हर्ट्झ, रोग बरे करणारी वारंवारता’ असले दावे चिकटवलेले दिसतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलेला. त्याची लांबी थोडी वेगळी ठरली असती तर तोच सूर ४३२ राहिला नसता. औषधं बंद करून असल्या फिती ऐकत बसणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते.

‘ऑक्सिजेन’च्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्याचं सांगितलं जातं. १४ जुलै १९७९ ला पॅरिसच्या काँकॉर्ड चौकात जारच्या कार्यक्रमाला दहा लाख माणसं जमली, १९९७ मध्ये मॉस्कोतल्या कार्यक्रमाला पस्तीस लाखांचा अंदाज होता. जारची संपत्ती किती, याचे आकडे इंटरनेटवर ढिगाने आहेत. हिशोब एकाही आकड्याखाली नसतो, त्यामुळे मी ते देत नाही. त्याच्या एका अल्बमची किंमत मात्र नेमकी नोंदलेली आहे. १९८३ मध्ये ‘सुपरमार्केटसाठी संगीत’ या अर्थाच्या फ्रेंच नावाचा अल्बम त्याने केला, त्याची एकच प्रत काढली आणि ती लिलावात ६९,००० फ्रँकला विकली. मूळ साचे नष्ट केले. अल्बम रेडिओवर एकदाच पूर्ण वाजवला आणि ऐकणाऱ्यांना सांगितलं, बिनधास्त चोरा. लोकांनी घरोघरी टेप चालू केले. रेडिओच्या एएम लहरींवर वरचे सूर गाळले जातात, त्यामुळे आज आपल्याला तो ऐकू येतो तो असा: मधले उपस्वर शाबूत, वरचे गायब, आणि मागे लहरींची खरखर.